फोटो ज्याचा त्याला

मुलांनो, परवा वर्गात एक गंमत झाली. चौथीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "सर, तुमच्याकडे दोन दोन कॅमेरे आहेत. सुट्टी लागली की तुम्ही पाठीला पिशवी लावून फिरायला जाता. मग काढलेले फोटो टाकता कुठे?"

मी म्हटलं, "पाकिटात."

सगळा वर्ग हसला. तिला विचारायचं होतं, फेसबुकवर टाकता की इन्स्टाग्रामवर? तिच्या दादाचे फोटो तिथे असतात, काकाचे असतात, गल्लीतल्या नव्या दुकानाचेसुद्धा असतात. मग सरांचेच का नाहीत? प्रश्न अगदी बरोबर होता. पण तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आज तुम्हा सगळ्यांनाच सांगतो. त्यात माझी एक चूकही सांगावी लागणार आहे. आता स्वतःची चूक सांगायला शिक्षकाला जरा जडच जातं. पण तुम्हाला मी चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला लावतो, मग माझी तरी सुटका कशी होईल?

मी तुमच्याएवढा होतो, म्हणजे साधारण १९९८-९९ साल असेल, तेव्हा माझ्या मामांचा मालेगावात मोसम पुलाजवळ एक लहानसा फोटो स्टुडिओ होता. आमचं मालेगाव यंत्रमागांचं. मोसम नदी गावातून वाहत जाते आणि पुढे गिरणेला मिळते. गल्लीगल्लीत मागांची खटखट चालू असते. शुक्रवारी मागांना सुट्टी, त्यामुळे मामांकडे गर्दीही शुक्रवारीच. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस, खिशाला पेन असे कामगार फोटो काढायला येत. कुणाला दूर गावी आईकडे फोटो पाठवायचा असे, कुणाला कार्डासाठी हवा असे. दहावीचे फॉर्म निघाले की मुलामुलींची रांग लागे.

शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. मला सगळ्यात आवडायची ती मागची काळी खोली. तिथे लाल दिवा असायचा. मामा कोरा कागद एका ट्रेमधल्या पाण्यासारख्या द्रावात सोडायचे आणि ट्रे हळूहळू हलवायचे. बघता बघता कोऱ्या कागदावर आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे. आपल्याकडे कुणीतरी पाण्याखालून वर येतंय असं वाटायचं! मी दरवेळी श्वास रोखून बघायचो.

ही जादू नव्हती बरं का, रसायनशास्त्र होतं. फोटोच्या फिल्मवर आणि कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश जिथे पडतो तिथले कण बदलतात, पण ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या ट्रेमधलं औषध त्या बदललेल्या कणांची काळी चांदी बनवतं आणि चित्र उमटतं. उरलेले कण काढून टाकायला 'हायपो' लागतो, नाहीतर उजेडात नेल्यावर सगळाच कागद काळा होईल. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८१९ साली शोधला, आणि वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, तो फोटोग्राफीच्या कामी आला.

पण मामांकडून मी शिकलो ते औषधांपेक्षा वेगळं. एक म्हणजे त्यांच्या भिंतीवरचं फळकुट. त्यावर पाकिटं ओळीनं उभी असत. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं नाव आणि तारीख. आत फोटो आणि निगेटिव्ह. काही पाकिटं न्यायला कुणी यायचंच नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, दोन वर्षं झाली याला, टाकून देऊ?" मामा म्हणाले, "टाकणारे आपण कोण? फोटो त्याचा आहे. आपण फक्त सांभाळतोय."

आणि दुसरं म्हणजे दुकानाची शोकेस. रस्त्याच्या बाजूला काचेमागे पाच-सहा मोठे फोटो लावलेले असत. एखादा फोटो झकास आला की मला वाटे, तो लगेच तिथे लावावा. पण मामा आधी त्या माणसाला विचारायचे. तो "हो" म्हणाला तरच फोटो काचेत जायचा. एकदा एका बाई नको म्हणाल्या, तर मामांनी तो सुंदर फोटो मुकाट्यानं पाकिटात घातला.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीसुद्धा विसरलो. आता ती चूक ऐका.

डी.एड. करून मी शिक्षक झालो. हातात कॅमेऱ्याचा फोन आला. फोटो काढायला ना रोल लागे, ना काळी खोली. काढला की टाकला. दोन मिनिटांत लाल बदाम मोजायचे! साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले. खरं सांगतो, रात्री जेवताना एक हात ताटात आणि दुसरा फोनवर असायचा.

एका पावसाळ्यात माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा शाळेत आला तो खताच्या रिकाम्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन. पाणी निथळत होतं आणि स्वारी खदाखदा हसत होती. मी फोन काढला आणि टिपला. फोटो सुरेख आला. मी तो टाकला आणि खाली एक ओळ लिहिली, गरिबीतही हसणारं बालपण वगैरे. बदामांचा पाऊस पडला. ओळखीच्यांनी तो पुढे पाठवला, त्यांच्या ओळखीच्यांनी आणखी पुढे. एकानं तर विचारलं, "या गरीब मुलाला मदत कुठे पाठवू?"

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "सर, आमच्या घरात रेनकोट आहे. त्या दिवशी धाकटी घालून गेली होती. हा गोणी घेऊन पळाला, त्याला मजा वाटली. आता गावात लोक मला विचारतात, पोराला एक रेनकोट घेता येत नाही का तुला?"

मी काय बोलणार? फोटो खरा होता, पण त्याखालची ओळ मी माझ्या मनानं लिहिली होती. मुलाला विचारलं नव्हतं, त्याच्या आईवडिलांना विचारलं नव्हतं. काचेमागे फोटो लावायच्या आधी मामा विचारायचे, आणि माझी शोकेस तर अख्ख्या जगाच्या रस्त्यावर होती! मी त्यांच्यासमोर तो फोटो काढून टाकला, त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचीही वर्गात सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण चिडवणारी मुलं वर्गातलीच होती. पण पुढे पाठवलेला फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये राहिला, ते मला कधीच कळणार नाही. निगेटिव्ह परत देता येतं, हे परत देता येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी फोन हातात घेतला की तो मुलगा वही तोंडासमोर धरायचा.

तुम्हाला दादासाहेब फाळके माहीत असतील. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखवला. त्याच्या पुष्कळ आधी ते फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांनी फोटोचा धंदा मांडला, पण तो चालेना. का, तर गावात अफवा उठली की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो! ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हसतात. मीही हसायचो. पण वही तोंडासमोर धरलेला तो मुलगा आठवला की वाटतं, त्या लोकांचं अगदीच चुकत होतं का? कॅमेऱ्यानं जीव जात नाही हे खरं, पण एका मुलाचं हसू गेलं होतं की नाही?

आणखी एक खरी गोष्ट सांगतो. १९८४ मध्ये स्टीव्ह मॅककरी नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. हिरवे डोळे, डोक्यावर फाटकी तांबडी ओढणी. १९८५ च्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गाजला. भिंतीभिंतींवर लागला. पण त्या मुलीचं नावही कुणाला माहीत नव्हतं. २००२ मध्ये शोध घेतला तेव्हा ती सापडली. शरबत गुला तिचं नाव. तोवर ती मोठी होऊन मुलाबाळांची आई झाली होती. आणि तिनं तो फोटो तोपर्यंत एकदाही पाहिला नव्हता! साऱ्या जगानं पाहिला, फक्त तिनं नाही. हे वाचलं त्या रात्री मला माझ्या फोनमधले शेकडो चेहरे आठवले. त्यातल्या कितीजणांनी आपला फोटो पाहिला होता?

मी माझी सगळी खाती बंद केली. शाळेचे निरोप आणि घरचे फोन एवढ्यापुरता फोन ठेवला. मामांचा जुना रोलचा कॅमेरा दुरुस्त करून घेतला. कृष्णधवल रोल मी घरीच रात्री धुतो.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. हात आपोआप खिशाकडे जायचा. तोटाही झाला, तो लपवत नाही. डी.एड.च्या माझ्या एका जिवलग मित्राचे वडील वारले. सगळ्यांना एका मिनिटात कळलं, मला पंधरा दिवसांनी. मी एस.टी.नं त्याच्या गावी गेलो आणि आधी तेच बोलून दाखवलं, "मला कळलंच नाही रे." तो म्हणाला, "दोनशे जणांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. घरी मोजकेच आले. तू बस." आम्ही संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होतो. तेव्हापासून मी दर महिन्याला चार मित्रांना फोन करतो. नुसतं "कसा आहेस?" एवढंच विचारायला. सोय गेली की कष्ट करावे लागतात, आणि तेवढे करायलाच हवेत.

प्रवास मात्र पार बदलला. पूर्वी गडावर पोचलो की मी आधी काय बघायचो सांगू? फोनची रेंज! आता रोलमध्ये फोटो छत्तीसच. साल्हेर तुम्हाला माहीत असेल. आमच्या शेजारच्या बागलाण तालुक्यातला, १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. एका सुट्टीत मी तिथे गेलो. वरच्या परशुरामाच्या देवळापाशी पोचलो तेव्हा रोलमध्ये चारच फोटो उरले होते. मग काय, बसलो! ढग येताहेत, जाताहेत, खालची शेतं दिसताहेत, पुन्हा झाकताहेत. तासभर नुसता बघत राहिलो. फोटो एकच काढला. पण तो तास आजही मला जसाच्या तसा आठवतो.

उतरताना एक गुराखी मुलगा भेटला. त्याला विचारून मी त्याचा फोटो काढला. तो लगेच धावत माझ्या मागे आला, कॅमेऱ्याची पाठ बघायला.

"अहो, इथे तर काहीच दिसत नाही!"

"दिसणार नाही. घरी जाऊन धुतल्यावर दिसेल."

"मग चांगला आला की नाही, ते कसं कळणार?"

"नाही कळत. वाट बघायची."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बिचाऱ्याला कुणीतरी मोडका कॅमेरा विकलाय! पण त्याच्या शाळेचा पत्ता मी लिहून घेतला आणि महिन्याभरानं फोटो पोस्टानं गेला.

आणि आता त्या आजींची गोष्ट.

चैत्रात खानदेशातले हजारो लोक पायी सप्तशृंगी गडाला जातात. धुळ्याकडून येणारे कितीतरी जथे मालेगावावरून पुढे जातात. ऊन असं की डांबर मऊ पडतं, म्हणून लोक पहाटे आणि रात्री चालतात. जागोजागी गावकरी त्यांना पाणी, ताक, नाश्ता देतात. एका वर्षी मी दोन दिवस त्यांच्याबरोबर चाललो. एका झाडाखाली एक आजी पायाला तेल चोळत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, फोटो काढू का?" त्यांनी पदर नीट केला, मला काढू दिला, आणि मग अहिराणीत म्हणाल्या, "मना फोटू माले कधी देशी रे भाऊ?"

माझा फोटो मला कधी देशील? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, कारण मी कुणाला विचारायला वेळच दिला नव्हता. मी वहीत त्यांच्या गावाचं नाव लिहून घेतलं. पत्ता काय, तर "मारुतीच्या पाराजवळ कुणालाही विचार."

जून लागायच्या आत मी धुळ्याच्या एस.टी.त बसलो. तिथून दुसरी गाडी, पुढे दोन मैल पायी. पाराजवळ विचारलं, घर सापडलं. आजींनी पाकीट उघडलं, फोटो लांब धरून पाहिला आणि सुनेला हाक मारली, "अगं बघ, मी एवढी म्हातारी झाले का गं?" सगळं घर हसलं. मग त्या आत गेल्या आणि एक जुनं मतदानाचं ओळखपत्र घेऊन आल्या. वारलेल्या आजोबांचं. त्यांचा तेवढाच एक फोटो घरात होता, अंगठ्याच्या नखाएवढा, पुसट. म्हणाल्या, "हा मोठा होईल का?"

मी ओळखपत्राचा फोटो काढून आणला. चार रात्री खटपट केली. चित्र फुटत होतं, ठिपके दिसत होते. मामांनाही विचारलं. शेवटी जमला तेवढा मोठा करून, फ्रेम करून पुन्हा गेलो. मला स्वतःला तो पसंत नव्हता. आजी मात्र बराच वेळ बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. फ्रेम देवाजवळ टेकवून ठेवली आणि मला म्हणाल्या, "जेवून जा."

मुलांनो, त्या फोटोला एकही लाल बदाम मिळाला नाही. पण मी तितक्या कामाचा फोटो दुसरा काढलेला नाही.

आमच्या मालेगावातही असं एक मोठं उदाहरण आहे. शेख नासिर या गृहस्थांचं व्हिडिओ पार्लर होतं, ते लग्नाचं शूटिंगही करत. त्यांनी मित्रांना गोळा करून २००० साली 'मालेगाव के शोले' हा सिनेमा काढला. जवळ पैसे कमी, म्हणून हलता कॅमेरा हवा असेल तर सायकल, उंचावरून दृश्य हवं असेल तर बैलगाडी! पुढे त्यांनी काढलेल्या सिनेमात सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार होता. पुढे या मंडळींवर माहितीपट निघाला, आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपटही थिएटरांत आला. पण सुरुवातीला त्यांनी हे केलं ते आपल्याच गावाला हसवायला. पडद्यावर आपली गल्ली, आपली माणसं, आणि समोर बघायलाही तीच माणसं. मला यात मामांचंच पाकीट दिसतं. ज्याचं चित्र, त्याच्यापुढे आधी.

तुम्ही म्हणाल, मग फोन वाईट, सोशल मीडिया वाईट? तसं मी म्हणणार नाही. दूरदेशी असलेल्या मावशीला बाळाचा चेहरा दिसतो, पूर आला तर मदत पोचते. कॅमेरा काय किंवा फोन काय, सुरीसारखाच. कांदाही चिरतो आणि बोटही. माझं बोट चिरलं, किंबहुना दुसऱ्याचं चिरलं, म्हणून मी ती सुरी बाजूला ठेवली इतकंच.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. आपण मुलांचे फोटो हौसेनं टाकतो. अंघोळीचे, रडण्याचे, कमी मार्कांच्या प्रगतिपुस्तकाचेसुद्धा. आपल्याला गंमत वाटते. पण उद्या ते मूल सातवीत जाईल, दहावीत जाईल, आणि तो फोटो त्याच्या वर्गात फिरेल. टाकण्याआधी त्याला एकदा विचारून तर बघा. चार वर्षांच्या मुलालाही "नको" म्हणता येतं.

तो गोणीवाला मुलगा आता पाचवीत आहे. मागच्या दिवाळीत त्याच्या घरी गाय व्याली. तो स्वतःहून माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, वासराबरोबर माझा फोटो काढाल? पण आधी मला दाखवायचा."

मी रोलचा कॅमेरा नेला. त्यानं वासराच्या गळ्यात हात टाकला. मी बटण दाबलं. वही समोर नव्हती. दहा दिवसांनी पाकिटावर पेन्सिलीनं त्याचं नाव आणि तारीख लिहिली आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. आत फोटो आणि निगेटिव्ह, दोन्ही. तो फोटो कसा आला ते मी तुम्हाला दाखवू शकत नाही. तो त्याचा आहे.

तुम्हीही या सुट्टीत एक करून बघा. घरातल्या आजीचा, आजोबांचा, दूध घालणाऱ्या काकांचा किंवा शाळेतल्या शिपाईमामांचा एक फोटो काढा. आधी विचारा. एकच काढा, पण नीट बघून काढा. मग कुठेही न पाठवता त्याची कागदावर प्रत काढून घ्या, पाकिटात घाला, वर नाव आणि तारीख लिहा आणि स्वतः नेऊन द्या. पाकीट उघडताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. त्याचा मात्र फोटो काढू नका हं!